प्रिंटरशी खोटं बोलू नको म्हणणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

ओळख ना पाळख, तरी मे महिन्यातल्या दोन रात्री तुम्ही अमरावतीहून फोनवर माझ्यासोबत जागलात. वरुडजवळच्या आमच्या गावात तेव्हा विजेची लाईन रात्रीच टिकायची, म्हणून वेळही माझ्याच सोयीची घेतली. आभार मात्र राहूनच गेले.

एका संत्रा बागायतदारानं वारलेल्या आईचा मोठा फोटो सांगितला होता. त्यासाठी ३१० ग्रॅमचा सुती मॅट, म्हणजे बिनचकाकीचा, कागद मागवला. विकणारा म्हणाला, प्रिंटरच्या कागदांच्या यादीत ग्लॉसी (चकचकीत) निवडा अन् मारा प्रिंट. मारली. माउलीचे काळेभोर केस धुरकट, बोट फिरवलं की शाई बोटाला, वर कडेला काळे ओरखडे. चार कागद वाया गेले (त्यांची किंमत घरी अजून सांगितलेली नाही). मी प्रिंटरला शिव्या देत होतो. तुम्ही म्हणालात, "बाबू, तू त्याले खोटं सांगून रायला, तो तरी काय करन?"

ग्लॉसी सांगितलं की प्रिंटर 'फोटो ब्लॅक' नावाची काळी शाई वापरतो, या कागदाला हवी 'मॅट ब्लॅक'. ग्रॅम म्हणजे चौरस मीटरचं वजन, जाडी नव्हे, हेही तेव्हाच कळलं. दहा कागदांची चळत तुम्ही पट्टीनं मोजायला लावली: ५ मिलिमीटर, म्हणजे एक कागद अर्धा मिलिमीटर. मग यादीतला जवळचा मॅट कागद घेऊन त्याच्यावरून यादीत या नव्या कागदाची नोंद बनवली. जाडी भरली, शाई सोडणारं हेड एक पायरी वर घेतलं. शाई वाढवायला माझा हात शिवशिवत होता. तुम्ही रागावलात, तेच बरं झालं. ओरखडे आमच्या उन्हाळ्याचे निघाले. कोरड्या हवेत कागद वळतो, कोपरे उचलतात अन् हेडला घासतात. आता लागेल तेव्हाच पाकिटातून काढतो.

दुसऱ्या रात्री वेगळाच घोळ. नवा कागद प्रिंटरच्या पडद्यावर दिसे, कॉम्प्युटरच्या यादीत नाही. मी ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरमधला प्रिंटर चालवणारा प्रोग्राम, दोनदा काढून टाकला होता. तुम्ही हसून त्यातली कागदांची माहिती तेवढी अपडेट करायला सांगितली. एक बटण!

फोटो पाहून तो बागायतदार बराच वेळ काही बोलला नाही. मग लुगड्याच्या काठावरून बोट फिरवलं. शाई निघाली नाही.

यादीत त्या कागदाचं नाव मी 'माय' ठेवलंय. संत्र्याचा आंबिया बहार तोडला की एक पेटी पाठवतो, पत्ता तेवढा कळवा.

तुमचा,
स्टुडिओवाला बाबू