इअरफोनच्या परीक्षणात कानाचाही विचार हवा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या तंत्रज्ञानविषयक पानावर नव्या इअरफोनची ओळख करून देणारा मजकूर मी नेमाने वाचते. उंची इन-इअर मॉनिटरनाही, म्हणजे कानाच्या नळीत घट्ट बसणाऱ्या इअरफोननाही, त्यात आता जागा मिळू लागली आहे, याचे समाधान वाटते. मात्र एका बाजूला किती ड्रायव्हर (आवाज निर्माण करणारे छोटे भाग) आहेत, केबल कोणत्या धातूची आहे आणि किंमत किती आहे, यावरच त्या मजकुराचा भर असतो. ते साधन कानात कसे बसते आणि ते लावून माणूस किती मोठ्याने ऐकतो, याविषयी क्वचितच एखादे वाक्य सापडते. अशा मॉनिटरवर गेली बारा वर्षे जवळजवळ रोज संगीत ऐकत असल्यामुळे ही उणीव मला गंभीर वाटते.

मंचावरच्या गायक-वादकांना वाद्यांच्या गजरात स्वतःचा आवाज ऐकू यावा, यासाठी मॉनिटर वापरात आले. त्याआधी पायाशी मोठे स्पीकर ठेवावे लागत आणि शेजारच्या वाद्यांवर मात करण्यासाठी त्यांचा आवाज चढवत न्यावा लागे. कानाची वाट बंद करून हवा तेवढाच आवाज आत सोडायचा, हा त्यावरचा उपाय होता. घरी किंवा प्रवासात ऐकणाऱ्यालाही मॉनिटरचा सर्वांत मोठा लाभ हाच आहे. कानाच्या तोंडाशी सैल टेकलेला इअरफोन वापरणारा माणूस गाडीच्या खडखडाटावर मात करण्यासाठी आवाज वाढवत जातो. नीट बसलेला मॉनिटर तोच खडखडाट वीस डेसिबल किंवा त्याहूनही अधिक कमी करू शकतो आणि मग हळू आवाजातले गाणेही पूर्ण ऐकू येते.

पण हे सारे 'नीट बसलेला' या दोन शब्दांवर अवलंबून आहे. तानपुऱ्याचेच उदाहरण घेते. जवारी (घोडीवर तारेला मिळणारी झंकाराची बैठक) चांगली लागलेली असेल, तर खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गांधार वर तरंगताना ऐकू येतो, आणि चांगल्या मॉनिटरवर तो इतका स्पष्ट असतो की बोट तारेवरून सुटल्यानंतर तो कुठे उमलतो आणि कुठे विरतो, हेही सांगता येते. आता सिलिकॉनची टिप, म्हणजे मॉनिटरच्या तोंडावरची मऊ टोपी, एका मापाने लहान लावून पाहावी. टिप आणि कानाची कातडी यांच्यामध्ये केसभर फट राहते, तेवढ्याने खर्जाचा भरीवपणा निघून जातो, डग्ग्याची घुमारी पोकळ होते आणि वरचे सूर टोचू लागतात. यंत्र तेच, ध्वनिमुद्रण तेच. बदललेली असते ती फक्त रबराची एक टोपी. टिप कानात किती खोल जाते, यानेही फरक पडतो. प्रौढ माणसाच्या कानाची नळी साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते. ती टिपेने बंद केली की उरलेल्या पोकळीच्या लांबीनुसार वरच्या पट्टीतल्या आवाजात एक उंचवटा तयार होतो, म्हणजे तेवढेच सूर अधिक मोठे ऐकू येतात, आणि टिप थोडी आतबाहेर सरकली की तोही सरकतो. एकाच मॉनिटरला कुणी 'कर्कश' आणि कुणी 'मऊ' म्हणते, ते बहुधा यामुळे. दोघेही खरेच सांगत असतात.

ड्रायव्हरच्या संख्येला दिले जाणारे महत्त्व मला म्हणूनच पटत नाही. एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ साली आणलेल्या ईआर-४ या इअरफोनमध्ये एका कानाला एकच बॅलन्स्ड आर्मेचर प्रकारचा (चुंबकांमधल्या बारीक पात्याच्या कंपनाने चालणारा) ड्रायव्हर होता, आणि तरीही स्पष्टतेसाठी त्याचा दाखला आजतागायत दिला जातो. अनेक ड्रायव्हर एकत्र नांदवायचे, तर क्रॉसओव्हर, म्हणजे कोणते सूर कोणत्या ड्रायव्हरकडे जावेत हे वाटून देणारी योजना, काळजीपूर्वक जुळवावा लागतो. शिवाय अशा मॉनिटरचा विद्युतरोध स्वरागणिक बदलतो, त्यामुळे ज्या यंत्राला तो जोडायचा त्याचा आउटपुट रोध (त्या यंत्राचा स्वतःचा विद्युतरोध) जास्त असेल, तर सुरांचा तोलच बिघडतो. ही माहिती ग्राहकाच्या थेट उपयोगाची आहे.

माझ्या बाबतीत घडलेली एक गोष्ट सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या बाजूचा आवाज हळूहळू दबू लागला. तो इतका सावकाश घटला की काही आठवडे मी नकळत आवाज वाढवत राहिले आणि त्याचा भार चांगल्या डाव्या कानाने सोसला. शेवटी ऐकू येणे कमी झाले या भीतीने मी कानाच्या डॉक्टरांकडे गेले. तपासणीत दोन्ही कान ठीक निघाले. घरी येऊन भिंगाखाली पाहिले, तेव्हा उजव्या मॉनिटरच्या नळीच्या तोंडावरची बारीक जाळी कानातल्या मळाने पूर्ण बुजलेली दिसली. नवी जाळी बसवताच आवाज पूर्ववत झाला. ही जाळी वरचेवर पाहावी लागते, हे मला घेताना कुणी सांगितले नव्हते आणि मी वाचलेल्या एकाही परीक्षणात त्याचा उल्लेख नव्हता.

आवाज वाढवणे या साधनात फार सोपे आहे, हेही वाचकांपर्यंत पोहोचायला हवे. ज्या मॉनिटरची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विद्युतशक्तीवर निघणारा आवाज, एका मिलिवॉटला ११० डेसिबल आहे, त्याला ८० डेसिबलसाठी मिलिवॉटचा हजारावा भाग पुरतो. बोटाच्या एका ओढीत मर्यादा ओलांडली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि दर तीन डेसिबलच्या वाढीने तो वेळ निम्मा होतो. म्हणजे ९० डेसिबलला आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात. अंतर्कर्णातल्या केसपेशी एकदा गेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. दोन मॉनिटरची तुलना करतानाही आवाजाची पातळी आधी सारखी करून घ्यावी लागते, कारण किंचित मोठ्याने वाजणारे यंत्र कानाला बहुधा सरस वाटते. परीक्षकांनी तशी ती केली होती की नाही, हे वाचकाला कळत नाही.

तेव्हा माझी विनंती अशी आहे की, यापुढे आपल्या पानावर एखाद्या मॉनिटरचे परीक्षण येईल, तेव्हा त्यात संवेदनशीलता आणि विद्युतरोध हे दोन आकडे द्यावेत, परीक्षकाने कोणत्या मापाची आणि कोणत्या प्रकारची टिप वापरली ते लिहावे, आणि मॉनिटरच्या नळीच्या तोंडावरची जाळी घरी बदलता येते की नाही, हेही एका ओळीत सांगावे.

आपली,
एक नियमित वाचक