पोकरचा हिशेब बिग ब्लाइंडमध्ये ठेवा

संपादक महोदय,

पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम २०२५च्या कायद्याने भारतात बंद झाले. ब्रिटनमध्ये ते परवान्यावर चालतात आणि तिथे गप्पा मारत पोकरच्या पाच-दहा सेंटच्या टेबलावर बसणाऱ्या मराठी मंडळींसाठी हे पत्र.

गप्पांच्या नादात मध्येच पुन्हा भरलेले पैसे लिहायचे राहतात आणि तोट्याची बैठक नफ्याची दिसते. म्हणून पैसे भरताक्षणीच नोंद करा. बैठक संपली की डावांची संख्या आणि उरलेली रक्कम लिहा. बोनस वेगळ्या रकान्यात. रेक, म्हणजे साइटचे कमिशन, पॉटमधूनच (डावात जमलेल्या रकमेतून) कापलेला असतो, तो पुन्हा वजा करू नये.

हिशेब दर शंभर डावांमागे किती बिग ब्लाइंड (डावाच्या सुरुवातीच्या दोन सक्तीच्या रकमांपैकी मोठी), असा मांडा. दहा सेंटच्या ब्लाइंडवर २,००० डावांत १२ डॉलर नफा म्हणजे १२० ब्लाइंड, शंभरामागे ६. यावर हुरळून जाऊन मोठ्या टेबलावर जाणे घातक आहे. नो-लिमिट होल्डेम या पोकरच्या प्रकारात शंभर डावांमागे प्रमाण विचलन (निकालांतला चढउतार) ९० ब्लाइंडच्या आसपास धरले, तर २,००० डावांनंतर सरासरीतली प्रमाण त्रुटी, म्हणजे नशिबाने ती किती इकडेतिकडे होऊ शकते याचे माप, २० ब्लाइंडची असते! लाख डावांनंतरही ती जवळपास ३ उरते. तोवर त्या ६ला कौशल्य म्हणता येत नाही.

— एक वाचक