सोळा-पाच आणि वादीचा चेंडू

महोदय,

बास्केटबॉलचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्याविषयी एक चौकट क्रीडा पानांवर अधूनमधून दिसते : अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाच्या बास्केटबॉल प्रशिक्षकांत पराभव जास्त असलेले ते एकटेच, 55 विजय, 60 पराभव. जोडीला संघाचा पहिला सामना : 3 फेब्रुवारी 1899, कॅन्सस सिटी वायएमसीए (ख्रिस्ती युवक संघटना) 16, कॅन्सस 5. वाचणाऱ्याला वाटते, पोरांना खेळच येत नव्हता. त्याच 1898-99 च्या हंगामात या संघाने 11 पैकी 7 सामने जिंकले, हे मात्र राहून जाते.

गुण इतके कमी का, याचे ठरलेले उत्तर म्हणजे प्रत्येक बास्केटनंतर मध्यावर होणारा जंप बॉल, म्हणजे पंचाने वर उडवलेला चेंडू दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूने उडी मारून मिळवणे. ही पद्धत 1937 पर्यंत होती. पण हिशेब जुळत नाही. एकूण 21 गुण म्हणजे फार तर दहा बास्केट. एका जंप बॉलला वीस सेकंद धरले, तरी तीन-साडेतीन मिनिटेच गेली.

आमच्या मते मोठे कारण चेंडू. चामड्याच्या कवचात रबरी ब्लॅडर घालायचा, हवा भरून त्याचे तोंड बांधायचे, ते आत दाबून वरून चामड्याची वादी ओवायची. तोंड नीट दबले नाही की वादीखाली टेंगूळ येते. त्या बाजूवर पडलेला चेंडू सरळ उसळत नाही, भलतीकडे जातो. वापरून चामडे ताणले की गोलाई जाते ती वेगळीच. अशा चेंडूने भरवशाचा ड्रिबल, म्हणजे चेंडू जमिनीवर आपटत पुढे नेणे, होणार कसा? नेस्मिथ यांच्या मूळ 13 नियमांतही चेंडू घेऊन पळायला मनाई होती. झेलला तिथूनच फेकायचा. म्हणजे बास्केटपर्यंत जायचे ते फक्त पासवर, आणि पास अडवणे बचाव करणाऱ्याला सोपे. शिवाय रेषेबाहेर गेलेला चेंडू ज्याचा हात आधी लागेल त्याचा, त्यामुळे झोंबाझोंबी ठरलेली.

आपल्या महाविद्यालयांनी स्नेहसंमेलनात असा एक सामना जरूर लावावा. पाच-पाच खेळाडू, बदली नाही, ड्रिबल नाही, पंधरा मिनिटांचे दोन डाव, प्रत्येक बास्केटनंतर जंप बॉल. रेषेबाहेरचा जुना नियम तेवढा वगळा, भिंतीजवळ त्यात दुखापती होतात. नेहमीचे ऐंशी गुण करणारे संघ किती करतात ते गुणफलकावर दिसेलच. आणि जुने निकाल छापताना त्या काळचे नियम दोन ओळींत सोबत द्यावेत, ही विनंती.

– बास्केटबॉल प्रशिक्षक व पंच, पुणे