मांगच्या साली कोनाले मारलं?

दारव्ह्याजवळून,
संक्रांतीच्या आधीचा रविवार

प्रिय दोस्ता,

तुझ्या बाल्कनीतल्या माशीचा फोटो पोचला. वरून काढलेला, अर्धा हललेला, आणि खाली तुझा हुकूम : ‘नाव कळव.’ मोबाईलवर दोन ओळींत उरकलं असतं, पण अशाच घाईत मागच्या साली मी घरी घोळ घातला होता. तो तुला सांगितलेला नाही, म्हणून हे पत्र.

तुरीच्या शेंगा भरत होत्या. एका शेंगेवर काळपट माशी दिसली. मोबाईलला चिमट्याचं भिंग लावून फोटो काढला आणि मोठ्या तोऱ्यात बाबांना सांगितलं, शेंगमाशी आली! दुसऱ्या दिवशी पंप पाठीवर. संध्याकाळी खाटेवर पडून तोच फोटो मोठा केला, तर माशीच्या पोटावर राठ, उभे केस. डुकराच्या पाठीवर असतात तसे. शेंगमाशी काळी चकचकीत, जेमतेम तिळाएवढी. ही घरमाशीएवढी होती. भिंगात सगळंच मोठं दिसतं, म्हणून आकाराकडे मी पाहिलंच नाही. बाजूची शेंग फोटोत होती, तिच्याशी ताडून पाहायचं सुचलं नाही. औषधाचे पैसे गेले ते गेलेच.

ती टॅकिनिड कुळातली होती. जगात या कुळाच्या साडेआठ हजारांच्या आसपास जाती नोंदल्या आहेत, आणि त्यांची पिल्लं दुसऱ्या किड्याच्या अंगात राहून त्यालाच खातात. बहुतेक वेळा तो किडा म्हणजे अळी. म्हणजे आपल्या बाजूचा गडी.

आता तुझ्या फोटोकडे येतो. पंख दोनच असले तर माशी, चार असले तर गांधीलमाशीच्या गोतातलं काहीतरी. एवढं तुला जमेल. पुढं पंखाच्या टोकाकडे मधली शीर कोपरासारखी वर वळते का, ते पाहायचं. पण घरमाशीचीही वळते, आणि बरेच जण तिथंच फसतात. खरी खूण पाठीच्या शेवटच्या त्रिकोणी ढालीखाली. टॅकिनिडला तिथं एक फुगीर उशी असते, घरमाशीला नसते. वरून काढलेल्या फोटोत ती ढालीआड जाते, म्हणून तुझा फोटो माझ्या कामाचा नाही. जातीचं नाव तर मी फोटोवरून सांगतच नाही. नराचे अवयव सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्याशिवाय कित्येक जाती तज्ज्ञांनाही वेगळ्या काढता येत नाहीत. कुळ सापडलं की मी थांबतो.

यंदा मात्र मी माशी सोडून अळीच धरली. हरभऱ्यावर एक घाटे अळी, मानेजवळ पांढरं अंडं चिकटलेलं, खसखशीच्या दाण्यासारखं. डबीच्या झाकणाला भोकं पाडली, आत कोवळे घाटे टाकले. अळीनं कात टाकली असती तर अंडंही कातीबरोबर गेलं असतं, म्हणून मी रोज धास्तीनं पाहायचो. नशीब, तसं झालं नाही. पाच-सहा दिवसांनी अळी लोळागोळा झाली, तिच्या कुशीतून माशीचं पांढरं पिल्लू वळवळत निघालं आणि संध्याकाळपर्यंत डबीच्या तळाशी गव्हाच्या दाण्याएवढा तांबूस कोष झाला. मायनं त्या डबीला चुलीजवळ जागा दिली नाही, ते बरोबरच.

माशी निघाली तेव्हा मी उठलेलोच होतो. आधी कोषाचं टोपण उचकटलं, मग तिच्या कपाळातून फुग्यासारखी पिशवी बाहेर आली, आत गेली, पुन्हा आली. त्या फुग्यानं ढकलत ढकलत ती बाहेर निघते. फिक्की, चुरगळलेल्या पंखांची. ऊन येईस्तोवर काळी पडली, केस राठ झाले. बाजूनं फोटो काढला. ढालीखाली उशी अगदी स्वच्छ.

बाबांना दाखवलं. बराच वेळ पाहून म्हणाले, “हे त आपल्याच पार्टीचं निंघालं. मंग मांगच्या साली आपण कोनाले मारलं बे?”

मी काही बोललो नाही. फवारा त्यांनीच मारला होता, पण सांगितलं मी होतं.

तुझ्या माशीचा फोटो पुन्हा काढ. सकाळी गारठ्यात त्या सुस्त असतात, उडत नाहीत. एक बाजूनं, एक पंख पसरलेला, आणि शेजारी जिऱ्याचा दाणा ठेव. संक्रांतीला येतोस ना? हरभरा हुळ्याला आला आहे, धुऱ्यावर भाजू. येताना तुझं ते चांगलं भिंग घेऊन ये, माझ्या भिंगाचा चिमटा ढिला झाला आहे.

तुझाच,
वावरातला दोस्त