ताई, तुमच्या त्या पुठ्ठ्याच्या पट्टीबद्दल

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. वाचन आणि साक्षरता परिषदेच्या दुसऱ्या दिवशी, दुपारच्या सत्रात, तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर मी बसलो होतो आणि माझ्या शेजारी माझी मुलगी. मी तुम्हाला आठवायचं काही कारण नाही, पण ती कदाचित आठवत असेल. हे पत्र लिहायला मी याआधी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा चार ओळींपुढे लिहवेना. आज लिहूनच टाकतो.

खरं सांगतो, त्या परिषदेला मी तुमच्यासाठी आलो नव्हतो. हुशार असूनही वाचता न येणाऱ्या मुलांवर एक शिक्षणतज्ज्ञ बाई बोलणार होत्या, तेवढ्यासाठी रजा काढली होती. लेकीला घरी ठेवायला कोणी नव्हतं म्हणून सोबत आणलं. ती यायलाच तयार नव्हती. कार्यक्रमाच्या नावात 'वाचन' हा शब्द आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

ती चौथीत आहे. एकदा ऐकलेली गोष्ट आठवड्यानंतर जशीच्या तशी, संवादांसकट सांगते. कुणी कुठल्या आवाजात काय म्हटलं तेही करून दाखवते. पान समोर आलं की मात्र हीच मुलगी अंग चोरून बसते. पहिलीत असताना आम्हाला सांगितलं गेलं, 'येईल हळूहळू.' दुसरीत सांगितलं, 'लक्ष नसतं तिचं.' तिसरीत थेट 'आळशी आहे' इथवर मजल गेली. तीन वर्षांत कितीतरी पालकसभा झाल्या. 'काय अडतंय ते एकदा नीट पाहू या' असं एकाही माणसानं म्हटलं नाही. डोळे आम्हीच तपासून आणले, ते ठणठणीत निघाले. मग शुद्धलेखनाची पानंच्या पानं, मग शिकवणी. शिकवणीत पुन्हा तेच धडे, फक्त जास्त मोठ्या आवाजात.

तिसरीतच एकदा तिला वर्गासमोर उभं करून धडा वाचायला लावला. तिनं ओळीखाली बोट ठेवलं, तर बाईंनी फूटपट्टीनं ते बाजूला केलं. मारलं नाही, नुसतं बाजूला केलं आणि म्हणाल्या, 'बोट ठेवून बालवाडीतली मुलं वाचतात.' वर्ग हसला. हे तिनं आम्हाला चार महिन्यांनी सांगितलं, तेही झोपेला आलेली असताना, भिंतीकडे तोंड करून. शाळेचं नाव मी घेत नाही. पण तो प्रसंग मी अजून विसरलेलो नाही आणि विसरायची माझी इच्छाही नाही.

माझ्या पदरीही दोष आहेच. रात्री नऊ वाजता मीही आवाज चढवला आहे. 'आत्ताच तर वाचलास ना हा शब्द, वरच्या ओळीत!' हे वाक्य मी किती वेळा बोललो असेन याची मोजदाद नाही.

परिषदेत सकाळी मोठमोठी भाषणं झाली. वाचनसंस्कृती लोप पावत चालली आहे, मुलांच्या हातात मोबाइल आला, पुस्तक गेलं, आमच्या वेळी असं नव्हतं. एकामागून एक वक्ते हेच बोलत होते आणि सभागृह माना डोलवत होतं. माझी मुलगी हे सगळं ऐकत होती. तिला वाचायचं आहे, ताई. मैत्रिणीनं वाचलेलं पुस्तक आपणही वाचलंय असं सांगण्यासाठी तिनं त्याची गोष्ट दुसऱ्या मैत्रिणीकडून ऐकून पाठ केली होती. त्या भाषणांमध्ये मुलं दोनच प्रकारची होती, वाचणारी आणि वाचनाकडे पाठ फिरवलेली. धडपडूनही वाचता न येणारं मूल त्यात कुठेच नव्हतं. साक्षरतेच्या परिषदेत ते नसावं याचा मला तेव्हाही राग आला आणि आजही येतो.

नंतर त्या शिक्षणतज्ज्ञ बाई बोलल्या. त्यांचेही आभार मला मानायचे आहेत, कारण त्यांच्यामुळे माझी मुलगी त्या दिवशी पहिल्यांदा मान वर करून ऐकायला लागली. त्यांनी १८९६ सालची हकिगत सांगितली. प्रिंगल मॉर्गन नावाच्या एका इंग्रज डॉक्टरनं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाविषयी लिहिलं होतं. मुलगा चलाख, खेळात तरबेज, गणितात उत्तम. मोठमोठ्या संख्या सहज वाचायचा. पण शब्द वाचता येत नव्हते. स्वतःचं नाव लिहितानाही अक्षरांची अदलाबदल व्हायची. शिकवणं सगळं तोंडी असतं तर हा शाळेतला सर्वांत हुशार मुलगा ठरला असता, असं त्याच्या मास्तरांचंच मत होतं. मुलीनं माझी बाही ओढली आणि कानात विचारलं, 'बाबा, तो पण?'

सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका मास्तरांना जे दिसलं, ते आमच्या वाट्याला आलेल्या कुणालाच का दिसू नये?

बाईंनी पुढे जे सांगितलं ते मी वहीत उतरवून घेतलं. बोलणं मूल ऐकता ऐकता शिकतं, वाचन शिकवावं लागतं. लेखनाचा शोध लागून जेमतेम पाच हजार वर्षं झाली; वाचण्यासाठी मेंदूत वेगळी जागा जन्मतः तयार नसते, दुसऱ्या कामांसाठी असलेले भागच वाचायला शिकतात, आणि काही मुलांच्या बाबतीत ही जोडणी अवघड जाते. यात डोळ्यांचा किंवा बुद्धीचा दोष नसतो. बहुतेकदा शब्दातले ध्वनी सुटे करून ते अक्षरांशी जोडण्यात अडचण असते. मग त्यांनी फळ्यावर आपलीच अक्षरं लिहिली आणि माझे डोळे उघडले. पहिली वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची अक्षरानंतर. 'सूर्य' म्हणताना 'र' आधी येतो, पण रफार जाऊन बसतो 'य'च्या डोक्यावर. 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांच्यातला फरक शिरोरेषेपाशी, केसाएवढा. आपण हे सगळं कधी शिकलो ते विसरून गेलेलो असतो, म्हणून समोरच्या मुलाला ते का येत नाही हे आपल्याला कळत नाही.

गफ आणि टन्मर या दोन संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्रही त्यांनी सांगितलं. छापलेला शब्द उलगडणं आणि भाषा समजणं यांचा गुणाकार म्हणजे समजून वाचणं. गुणाकार असल्यामुळे एक बाजू शून्य असली की दुसरी कितीही मोठी असून भागत नाही. मुलीची भाषेची बाजू केवढी मोठी आहे हे मला घरात रोज ऐकू येत होतं. आणि मी तिला 'लक्ष दे' म्हणत होतो.

यानंतर तुमचं सत्र होतं.

तुम्ही व्यासपीठावर आलात, चष्मा लावलात, पुस्तक उघडलंत आणि त्यातून पुठ्ठ्याची एक पट्टी काढलीत. साधी, करड्या रंगाची, कोपरे झिजलेली. पहिल्या ओळीखाली ती ठेवून तुम्ही वाचायला लागलात. हळू वाचत होतात. एका जोडाक्षरापाशी थांबलात, मागे गेलात, शब्द पुन्हा घेतलात आणि पुढे निघालात. 'माफ करा' म्हणाला नाहीत, हसून वेळ मारून नेली नाहीत. गोष्ट तुमचीच होती, तुम्हीच लिहिलेली, आणि भरल्या सभागृहासमोर तुम्ही ती ओळीखाली पट्टी सरकवत वाचलीत. मुलगी खुर्चीच्या कडेवर आली होती. ती गोष्टीकडे कान देत होती की नाही मला सांगता येणार नाही. तिचे डोळे पट्टीवर होते.

शेवटी कुणीतरी विचारलंच, ती पट्टी कशासाठी? तुम्ही म्हणालात, 'लहानपणापासून माझी ओळ हरवते. पट्टी असली की सापडते.' आणि पुढच्या प्रश्नाकडे वळलात. चष्म्याचा नंबर सांगावा तितक्या सहज.

सत्र संपल्यावर सहीसाठी रांग लागली. मुलगी रांगेत उभी राहिली नाही. सही घ्यायची म्हणजे पुस्तक हातात धरायचं, मग कुणीतरी 'वाचलंस का?' विचारणार, ही भीती मला ओळखीची आहे. आम्ही व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी बाजूला थांबलो. तुम्ही खाली उतरलात आणि तुमचं लक्ष तिच्याकडे गेलं. ती कशाकडे बघते आहे हे तुम्ही पाहिलंत. पुस्तकात खोचलेली पट्टी काढून तिच्या तळहातावर ठेवलीत आणि म्हणालात, 'ही सरळ कड वरच्या बाजूला ठेवायची हं.'

बस, एवढंच. तिचं नाव विचारलं नाहीत, कितवीत आहेस विचारलं नाहीत. 'वाचायला आवडतं का' हा मोठ्या माणसांचा ठरलेला प्रश्नही नाही. माझ्याकडे बघून 'काही अडचण आहे का हिला?' असं तर अजिबातच नाही. एका कारागिरानं दुसऱ्याला हत्यार द्यावं आणि ते कसं धरायचं ते सांगावं, तसं दिलंत. गेल्या तीन वर्षांत तिला सल्ले खूप मिळाले, उपदेश मिळाले, दया मिळाली, शिक्षा मिळाली. तिच्या बरोबरीला येऊन कुणी उभं राहिलं नव्हतं.

आणखी एक गोष्ट मी पाहिली, ती तुम्हाला ठाऊक नसेल. समारोपाला तुम्हाला पुन्हा एक पान वाचायची विनंती झाली. तुमची पट्टी तेव्हा माझ्या मुलीच्या मुठीत होती. तुम्ही क्षणभर थांबलात आणि ओळीखाली बोट ठेवून वाचलंत. बोट, ताई. जे तिच्या पुस्तकावरून फूटपट्टीनं बाजूला केलं गेलं होतं. मी मान खाली घातली, कारण शेजारी अनोळखी माणसं होती आणि माझे डोळे भरून आले होते. मुलगी मात्र रडली नाही. ती तुमच्या बोटाकडे पाहत होती आणि स्वतःचं बोट मांडीवर सरकवत होती.

घरी आल्यावर चमत्कार झाला नाही. तुम्हाला खोटं वाटावं असं काही मला लिहायचं नाही. त्या शिक्षणतज्ज्ञ बाईंनी सांगितलं होतंच की पट्टीमुळे वाचता येऊ लागत नाही, ओळ फक्त जागेवर राहते. अक्षर आणि ध्वनी यांचं काम वेगळं, ते सावकाश आणि क्रमानं शिकवावं लागतं. पुढे रीतसर तपासणी झाली, अडचणीला नाव मिळालं, शिकवणाऱ्या योग्य व्यक्तीही मिळाल्या. त्याबद्दल इथे लिहीत नाही. रोज संध्याकाळी आम्ही एकच छोटा उतारा घेतो आणि तोच तीन-चार वेळा वाचतो. पूर्वी मी म्हणायचो, 'हे तर तुझं पाठ झालंय, ह्याला वाचणं म्हणत नाहीत.' आता कळतं की तोच उतारा पुन्हा वाचल्यानं वाचन मोकळं होतं. चौथ्या वेळी तिचा आवाज सैल होतो. मग गोष्टीतली म्हातारी म्हातारीच्या आवाजात बोलायला लागते, आणि मला माझी गोष्ट सांगणारी मुलगी पुस्तकातून ऐकू येते.

तिनं पट्टी शाळेत नेली. मला धास्ती होती. या वर्षीच्या बाई नव्या आहेत. त्यांनी विचारलं, 'हे काय?' ती म्हणाली, 'ओळ हरवते माझी. पट्टी असली की सापडते.' तुमचंच वाक्य, तुमच्याच सुरात. बाई 'बरं' म्हणाल्या आणि धडा पुढे चालू झाला. त्यांचेही उपकार आहेत. त्या एका 'बरं'साठी आम्ही तीन वर्षं थांबलो होतो.

ताई, तुमच्यासारखी माणसं मी आयुष्यात थोडी पाहिली आहेत, पण पाहिली आहेत. मदत करताना समोरच्याला मदत होते आहे हे जाणवूही न देणारी. नाव न विचारणारी, म्हणजे मग आभार मानायचं ओझंही उरत नाही. फॉर्म भरता न येणाऱ्या माणसाला 'चष्मा विसरलात वाटतं' असं म्हणून स्वतः भरून देणारे एक कारकून मी लहानपणी पाहिले होते. तो माणूस माझा आजोबा होता. त्याला चष्मा नव्हताच, त्याला अक्षरओळख नव्हती, आणि हे त्या कारकुनांना पहिल्या क्षणीच कळलं असणार. घरी येताना आजोबा ताठ चालत होता. परिषदेहून परतताना मुलगी माझ्यापुढे दहा पावलं चालत होती, तेव्हा मला तो आठवला.

तुमची पट्टी आता दोन ठिकाणी दुमडली आहे. एका बाजूला चिकटपट्टी लावली आहे. दुसरी नवी करून देतो म्हटलं तर ती ऐकत नाही. पण समारोपाला तुम्ही बोटानं वाचलंत हे तिच्या मनात राहिलं आहे. परवा तिनं जुन्या वहीचा पुठ्ठा घेतला, कात्रीनं एक पट्टी कापली, कड सरळ आली नाही म्हणून दुसरी कापली, मग तिसरी. तिसरी तिला पसंत पडली. कोपरे गोल केले आणि मागे पेन्सिलीनं 'सरळ कड वर' असं लिहिलं. 'वर'चा 'व' आधी 'ब' झाला होता, तो तिनं स्वतःच खोडून नीट केला.

ती पट्टी तुमच्यासाठी आहे. तुमचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून सध्या माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहे. कुठे पाठवू ते कळवाल का?

आपला,
तिसऱ्या रांगेतल्या मुलीचा बाबा