फ्लूची लस घेऊ का नको म्हणतोस, तर ऐक

प्रिय पक्या,

सप्रेम नमस्कार वगैरे समजून घे. तुझा मेसेज परवाच वाचला, "ऑफिसात फ्लूची लस देतायत, घेऊ का, मी काय म्हातारा झालोय का" एवढाच, आणि पुढे ते दात काढणारं तोंड. 'घेऊन टाक' म्हणून मोकळा होणार होतो, मग म्हटलं नको, घेऊन टाक म्हटलं की तू का म्हणून विचारणार, मी काहीतरी बोलणार, तू ते खोडणार आणि तासभर फोनवर कुस्ती. त्यापेक्षा एकदा लिहूनच काढतो. मी डॉक्टर नाही, पण या विषयावर गेली काही वर्षं जरा जास्तच वाचलंय आणि त्याला कारण आहे.

मी सत्तावीसचा होतो तेव्हाची गोष्ट. तोपर्यंत माझी समजूत हीच की फ्लू म्हणजे सर्दीचा मोठा भाऊ, दोन दिवस नाक गळणार, एक गोळी, झालं. त्या दिवशी दुपारी चारला मी ठणठणीत होतो, सहाला जिना चढताना मांड्या भरून आल्या, आणि आठला दात वाजत होते. सर्दी हळूहळू चढते, हा असा येऊन आदळतो. अंग तर असं मोडून आलं की डोळे नुसते बाजूला फिरवले तरी दुखायचे, आणि उशाशी मोबाइल वाजतोय, तो उचलायला हात लांब करायचा की नाही याचा मी विचार करत पडलोय. चार दिवस असे गेले, आणि खोकला पुढे तीन आठवडे.

पण सांगायचंय ते माझं नाही, रूममेटचं. तो माझ्याहून एक वर्षाने मोठा, रोज सकाळी बॅडमिंटन खेळणारा. तीन वर्षं एका खोलीत राहिलो तरी मला पत्ता नव्हता की त्याला दमा आहे, पंप कपाटात मोज्यांच्या खाली ठेवायचा. माझा ताप आधी आला, त्याचा दोन दिवसांनी, आणि तिसऱ्या रात्री त्याला वाक्य पूर्ण करता येईना, दोन शब्द बोलला की थांबून श्वास घ्यायचा. चार दिवस ऑक्सिजनवर होता. बरा झाला, आता मस्त आहे, मला कधी एका शब्दाने बोलला नाही. मीच दिला की दोघांनाही तिसऱ्याच कोणी दिला ते कधी कळणार नाही, पण ताप यायच्या आदल्या दिवसापासून माणूस हा व्हायरस पसरवत असतो हे मी नंतर वाचलं, आणि आदल्या रात्री आम्ही एकाच सोफ्यावर बसून मॅच बघत होतो.

तेव्हा 'मी तरुण आहे' हे अर्धंच उत्तर झालं. दमा, शुगर, हृदयाचं काही, किडनीचं काही, खूप जास्त वजन, गरोदरपण, यातलं एक जरी असेल तर वय तिशीचं असलं तरी फ्लूच्या हिशोबात तू धोक्याच्या रांगेत. तुला यातलं काही नाही हे मला माहीत आहे, म्हणजे निदान तपासलेलं तरी काही नाही.

आता जरा तुझ्या बाजूने बोलतो, कारण 'घ्या घ्या' म्हणणारे हे सांगत नाहीत. कोक्रेन म्हणून एक संस्था आहे, जगभरातले प्रयोग गोळा करून त्यांचा एकत्र हिशोब मांडते. २०१८ साली त्यांनी निरोगी मोठ्या माणसांचा मांडला, ५२ प्रयोग, ८० हजारांवर माणसं. निष्कर्ष असा की लस न घेतलेल्यांत एका मोसमात खरा, म्हणजे तपासणीत सिद्ध झालेला फ्लू साधारण २.३ टक्के लोकांना झाला आणि घेतलेल्यांत ०.९ टक्के. म्हणजे हजार माणसं धर, तेवीसच्या जागी नऊ. एकाचा फ्लू वाचवायला ७१ जणांनी दंड पुढे करायचा. आणि निरोगी माणसांचं हॉस्पिटलात जाणं त्याने टळतं असा भक्कम पुरावा त्यांना मिळाला नाही. तू म्हणशील बघ, मी म्हणतच होतो. हो, म्हणत होतास.

पण याच आकड्याकडे दुसरीकडून बघ. तेवीसचे नऊ म्हणजे साठ टक्के कमी. पेपरात येतं ना 'लस ४० ते ६० टक्के परिणामकारक', ते हेच, लस आणि त्या वर्षी फिरणारा व्हायरस यांची जुळणी नीट झालेल्या वर्षातलं. लोकांना वाटतं शंभरातले साठ वाचतात आणि चाळीस आजारी पडतात, तसं अजिबात नाही, तुझा जो काही धोका आहे त्यातला निम्म्याच्या आसपास भाग कमी होतो. धोका मुळात छोटा असेल तर फायदाही छोटाच दिसणार, आणि धोका मोठा असेल, रूममेटसारखा, तर त्याच साठ टक्क्यांचं वजन वेगळंच. मला हे कळायला दोन संध्याकाळी लागल्या, आणि दुसऱ्या संध्याकाळी जरा लाजही वाटली, कारण तोपर्यंत मी चारचौघांत छातीठोकपणे चुकीचं सांगत फिरत होतो.

आणि एक, 'मला कधीच फ्लू होत नाही' हे तुझं पेटंट वाक्य. अरे, बऱ्याच जणांना फ्लू होऊन जातो आणि नाक गळण्यापलीकडे काही होत नाही, किंवा तेवढंही नाही. तेव्हा तुला होत नाही हे तुला कसं कळणार? तुझ्यामुळे शेजारच्याला झाला असेल तर तेही तुला कळणार नाही.

दरवर्षी का घ्यायची म्हणून विचारशीलच. फ्लूचा व्हायरस सारखा थोडा थोडा रूप बदलत राहतो, आणि लसीचा जोरही काही महिन्यांत उतरत जातो. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेची माणसं वर्षातून दोनदा बसतात, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरात दक्षिण गोलार्धासाठी, आणि पुढच्या मोसमात कोणते प्रकार फिरतील याचा अंदाज बांधतात. अंदाजच, कारण लस बनवायला सहाएक महिने जातात, बऱ्याचशा लसी अजूनही कोंबडीच्या अंड्यांत वाढवतात, आणि तोवर व्हायरस काही वाट बघत थांबत नाही. २०१४-१५ च्या मोसमात अमेरिकेत असाच चकवा बसला, एच३एन२ नावाचा फ्लूचा प्रकार मधल्या मधे बदलला आणि लसीचा परिणाम १९ टक्क्यांवर आला. तेव्हा ज्याने घेतली आणि तरी झोपला त्याने शिव्या घातल्या तर मी त्याला दोष देणार नाही. उलट एक गंमत, बी प्रकारातली यामागाता नावाची एक शाखा मार्च २०२० नंतर जगात कुठे सापडलेलीच नाही, कोरोनाच्या काळात सगळे घरात बसले त्यात ती गेलीच म्हणतात, म्हणून चार प्रकारांची लस परत तीन प्रकारांवर आणलीय. आपण तोंड बांधून दोन वर्षं काढली त्याचा एवढा तरी उपयोग.

'लस घेतली आणि लसीनेच फ्लू झाला' हे सांगणारा तुझ्याही ऑफिसात एक असेल. इंजेक्शनच्या लसीत जिवंत व्हायरस नसतोच, त्यामुळे त्यातून फ्लू होणं शक्य नाही. होतं काय, अंगात अँटीबॉडी तयार व्हायला दोनएक आठवडे लागतात, त्या दरम्यान खरा फ्लू गाठू शकतो, शिवाय सर्दी-तापाचे बाकीचे डझनभर व्हायरस आहेतच, त्यांच्यावर ही लस काहीच करत नाही. काहींना एक-दोन दिवस कणकण येते, ते शरीर कामाला लागल्याचं. अमेरिकेत नोकरी करणाऱ्या निरोगी माणसांवर प्रयोग झाला होता, निम्म्यांना लस, निम्म्यांना नुसतंच बिनऔषधाचं इंजेक्शन, कोणाला काय ते माहीत नाही. ताप, थकवा, डोकेदुखी दोन्हीकडे सारखीच निघाली, फरक पडला तो फक्त दंड दुखण्यात.

गियाँ-बारेचं तू कुठेतरी वाचशील आणि मला लिंक पाठवशील, म्हणून आधीच लिहितो. हातापायातली ताकद जाते असा तो आजार, १९७६ च्या अमेरिकेतल्या स्वाइन फ्लूच्या लसीनंतर साधारण लाखात एक एवढं त्याचं प्रमाण वाढलं होतं, हे खरं. आताच्या लसींत वाढलंच तर दहा लाखांत एखाद-दुसरं, आणि खुद्द फ्लूनेही तो होतो. आधीच्या फ्लूच्या लसीची जबरदस्त अ‍ॅलर्जी आली असेल किंवा हा आजार पूर्वी होऊन गेला असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही. तुझं तसं काही नाही.

तज्ञांचंही याबाबत एकमत नाही बरं का, म्हणजे तू गोंधळलास यात तुझी चूक नाही. अमेरिकेत २०१० पासून बरीच वर्षं सहा महिन्यांच्या वरच्या सगळ्यांना दरवर्षी घ्या म्हणून सांगत आले. ब्रिटनमध्ये तुझ्यासारख्या धडधाकट तिशीतल्याला सरकार फुकट देत नाही, वयस्कर, आजारी, गरोदर बायका आणि लहान मुलं आधी. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतही पहिल्या रांगेत गरोदर बायका, दवाखान्यात काम करणारे, म्हातारी माणसं, जुनाट आजारवाले. पुरावा सगळ्यांसमोर तोच, पैसे कुठे घालायचे यावर मतं वेगळी. त्यामुळे नुसता तू एकटाच असतास, ब्रह्मचारी, खोलीत एकटा, तर मी म्हटलं असतं घे, नाही घेतलीस तरी आकाश कोसळत नाही.

पण गाढवा, वहिनीला सातवा महिना आहे. दोन ओळींच्या मेसेजमध्ये तू स्वतःच्या म्हातारपणाबद्दल विचारलंस आणि ज्याच्याबद्दल विचारायला पाहिजे होतं ते राहिलंच. गरोदरपणात फ्लू जास्त बोचतो, फुफ्फुसावर आणि हृदयावर आधीच ताण असतो. आणि बाळाला सहा महिने पूर्ण होईपर्यंत ही लस देताच येत नाही, तोवर त्याच्याजवळ असतं काय तर आईकडून पोटात असताना मिळालेल्या अँटीबॉडी, आणि आसपासची माणसं आजारी नसणं. इंजेक्शनवाली लस गरोदरपणात कुठल्याही महिन्यात चालते, नाकात मारायचा स्प्रे मात्र नको, त्यात जिवंत, कमजोर केलेला व्हायरस असतो. तेव्हा आधी वहिनी, पुढच्या तपासणीला जाल तेव्हा डॉक्टरांना स्वतःहून विचारा, ते सांगायची वाट बघू नका. मग तू. तू उद्या त्या बाळाला छातीवर घेऊन झोपणार आहेस, आणि मी सोफ्यावर मॅच बघत होतो तेव्हा मलाही काही होत नव्हतं.

मी तेव्हापासून दरवर्षी घेतो, आमच्याकडे फ्लूचा मोसम सुरू व्हायच्या थोडं आधी. एका वर्षी घेऊनही झाला. दोन दिवसांत उठलो, लसीमुळे उठलो की तो व्हायरसच सौम्य होता, सांगता येत नाही, लस न घेतलेला दुसरा मी कुठून आणू ताडून बघायला. पण त्या दोन दिवसांत मोबाइल उचलता येत होता. आणि समज झालाच, अचानक ताप आणि अंग मोडून आलं, तर 'बघू उद्या' करत बसू नकोस, ओसेलटॅमिव्हिर नावाची गोळी असते, ती पहिल्या ४८ तासांत सुरू केली तर तिचा खरा उपयोग, वहिनीच्या बाबतीत तर फोन त्याच दिवशी.

राहता राहिलं खरं कारण. मला माहीत आहे पक्या, म्हातारपण वगैरे नाही, तुला सुईची भीती वाटते. कॉलेजात रक्त द्यायला रांगेत उभा राहिलास आणि आपला नंबर यायच्या आतच आडवा झालास, तुझ्या चपला मी हातात घेऊन धावलो होतो. तर जाशील तेव्हा त्या नर्सला आधीच सांग की मला चक्कर येते, आडवं झोपवून देतात, कोणी हसत नाही. उपाशी जाऊ नकोस, नंतर पंधरा मिनिटं तिथेच बसून राहा. आणि डाव्या कुशीवर झोपतोस ना अजून? मग उजव्या दंडात घे, नाहीतर रात्री मला फोन करून बोंबलशील.

वहिनीला नमस्कार सांग. तारीख ठरली की कळव.

तुझाच,
चपला धरणारा