मागची काच सिलिकॉनने चिकटवू नका हो!

संपादक महोदय,

माझी पिकअप 2006 ची, डिचोलीहून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला केळी-नारळ नेतो. गेल्या चवथीला माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतो त्या फळाफुलांच्या चौकटीचं) सामान आणताना पाठ भिजली, म्हटलं घाम असेल, बघतो तर सीटची गादी पिळून काढावी तशी, मागच्या सरकत्या काचेतून पाणी! गॅरेजवाला म्हणाला, पात्रांव, सिलिकॉन मारून काच बंदच करून टाकूया, उघडायची कशाला. मीही मान डोलावली. चारच दिवसांत पाणी डबल, कारण खालच्या चॅनेलला, म्हणजे काच सरकते त्या खाचेला, पाणी बाहेर जायला जी बारीक भोकं असतात तीच सिलिकॉनने बुजली, चॅनेल भरलं की उतू जाऊन थेट आत.

शेवटी यंदा एप्रिलमध्ये स्वतःच बसलो. काचेच्या कडेचं जुनं रबर निघालं ते सुपारीच्या वाळक्या सालीसारखं, वाकवलं की मोडतंय, इतक्या वर्षांच्या उन्हात दुसरं काय होणार. भोकं माडाच्या हिराने मोकळी केली, लाल माती निघाली चमचाभर. जुन्या रबराचा दोन इंच तुकडा दुकानात नेला, तसाच मिळवून नवीन घेतलं (चार दुकानं फिरून, तीन जण म्हणे अख्खी फ्रेमच घ्या), आतली फेल्टची (लोकरीसारख्या जाड कापडाची) पट्टीपण बदलली. साबणाचं पाणी लावून रबर दाबत गेलो, ताणायचं मात्र नाही, ताणलेलं रबर नंतर आखडतं आणि कोपऱ्यात फट पडते. ग्रीस, इंजिन ऑइल लावू नका, रबर फुगतं, सिलिकॉन स्प्रे चालतो, म्हणजे त्या चिकटवायच्या सिलिकॉनशी गल्लत नको. काचेत कागद धरून बंद करा, ओढल्यावर अलगद सुटला तर रबर गेलं समजा.

आणि फट नुसती पाण्याचीच नाही. गाडी पळताना केबिनच्या मागे हवेचा दाब कमी होतो, सायलेन्सरचा धूर तिथे घोटाळतो आणि फटीतून आत येतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, कळतसुद्धा नाही.

जूनचा पाऊस तोंडावर आलाय, तेव्हा गॅरेजवाल्यांनी ही चिकटवाचिकटवी थांबवावी, दुकानदारांनी असं रबर मीटरवर ठेवावं, जुन्या गाड्या गावोगाव आहेत.

माझ्या उजव्या कोपऱ्यात नळीने पाणी मारलं की अजून एक थेंब येतो. रबराचा जोड तिथेच आलाय, वर मधोमध सरळ भागात घ्यायला हवा होता. येत्या रविवारी परत काढणार.

— एक पिकअपवाला, डिचोली